झाड काढायची घाई करू नकोस

तू सोळा-एसचे, म्हणजे रायबोसोममधल्या एका आरएनएचे, वीस क्रम उतरवून थेट जीवांच्या नात्याचं झाड काढलंस नं? थांब जरा. आधी त्यांची मांडणी, म्हणजे कोणतं अक्षर कोणाखाली येतं ते, नीट बघ. ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा हा रेणू १५४२ अक्षरांचा, आणि तो घड्या घालून बसतो. एका बाजूचं जी हे अक्षर समोरच्या सीशी जुळतं. एक अक्षर बदललं की बऱ्याचदा जोडीदारही बदलतो. म्हणून घडी लक्षात घेणारी मांडणी वापर, नुसती अक्षरं सरकवू नकोस.

वोज आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मिथेन बनवणारे जीव बॅक्टेरियापासून वेगळे काढले, तेव्हा अख्खे क्रम हाताशी नव्हते. एन्झाइमने कापलेले तुकडे जुळवून त्यांनी ते ओळखलं. आपण तर एका क्लिकवर आयते बसतो!

माझी फजिती सांगतो. नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या पाण्यातला एक क्रम झाडावर सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या बॅक्टेरियाच्या, शेजारी जाऊन बसला. नवीन जीव सापडला म्हणून मी तर्रीपोहे वाटले. निघालं शैवालाचं हरितलवक! अर्थात ते तिथंच बसणार. त्याचा पूर्वज सायनोबॅक्टेरियाच.

उष्णताप्रेमी जीवांपाशी सावध राहा. त्यांच्या आरएनएत जी आणि सी ही अक्षरं जास्त, त्यामुळे जवळचं नातं नसतानाही ते झाडावर एकमेकांना चिकटतात.

आणि झाडाचं मूळ, म्हणजे सगळ्यांचा सामाईक पूर्वज कुठे बसतो ते? ते या एका जनुकातून मिळत नाही, बापा. १९८९ मध्ये ते शोधलं ते फार पूर्वी दुप्पट झालेल्या जनुकांच्या जोड्यांवरून. तू तुझ्या झाडाच्या बुंध्यावर लिहिलेलं ‘पहिला जीव’ आधी खोड.