क्वीअर साहित्य आणि टकळीचा पीळ

'क्वीअर साहित्य' या वर्गाची व्याख्या काय आणि त्याला 'समलिंगी साहित्य' म्हटले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. समलिंगी व्यक्ती असते, नाते असते. साहित्य समलिंगी कसे असेल? शिवाय या शब्दाने उभयलिंगी आणि पारलिंगी अनुभव बाहेरच राहतात. तरीही चर्चासत्रांच्या शीर्षकांत हा प्रतिशब्द वारंवार दिसतो आणि दर वेळी खटकतो.

मूळ शब्द पाहावा. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या आरंभी 'विचित्र' या अर्थाने आढळतो, पुढे समलिंगी व्यक्तींना उद्देशून वापरली जाणारी शिवी होतो आणि 1990 मध्ये न्यूयॉर्कची 'क्वीअर नेशन' ही संघटना तीच शिवी आपले नाव म्हणून धारण करते. जर्मन 'क्वेर', म्हणजे आडवा, तिरपा, हे त्याचे मूळ असावे असे सामान्यतः मानतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी कालक्रम आणि अर्थभेद दाखवून यावर शंका घेतली, पण मला ती अतिसावध वाटते, कारण तिरपेपणापासून विचित्रपणापर्यंत अर्थ किती सहज सरकतो, हे आपल्या 'वाकडा' या शब्दातही दिसते. 'क्वेर'चे जुने रूप 'त्वेर्ह', आणि त्यामागचा धातू पिळण्याचा. त्याच धातूपासून लॅटिनमधला 'पिळणे' या अर्थाचा 'तोर्क्वेरे' आला आणि संस्कृतातला 'तर्कु', म्हणजे चाती, हाही आला. आपली टकळी या तर्कूचीच लेक. 'क्वेर'चे 'तिरका'शी नाते जोडणारे मात्र चुकतात. तो 'तिर्यक्'पासून आला, त्याचे कूळ निराळे.

शब्दाच्या मुळाशीच पीळ आहे, म्हणून लेखक कोण, यावर वर्ग ठरवणे मला मान्य नाही. तसे केल्यास निनावी ग्रंथांचे काय करायचे, आणि दिवंगत लेखकांच्या खाजगी आयुष्याची झडती कोणी घ्यायची? निव्वळ विषयावरही तो ठरत नाही, कारण मग समलिंगी पात्राची टवाळी करणारी कादंबरीही त्यात बसेल. लिंग आणि आकर्षण यांबद्दल गृहीत धरलेला सरळ धागा ज्या लेखनात रचनेतच पिळला जातो, ते क्वीअर साहित्य.

मराठीत हा पीळ क्रियापदातच दिसतो. निवेदकाचे लिंग झाकायचे असेल, तर 'मी पत्र वाचले' चालते, 'मी उद्या जाईन' चालते. पण काल गेल्याचे सांगताना 'गेलो' की 'गेले' हे ठरवावेच लागते. एकाच परिच्छेदात निवेदकाच्या तोंडी ही दोन्ही रूपे आली आणि मुद्रितशोधकाने त्यांतले एक चूक म्हणून दुरुस्त केले, तर ती साहित्यकृती क्वीअर उरत नाही.