पॅरिसमध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या खरंच पिनेलने तोडल्या का?

अर्धं खरं आहे. फिलिप पिनेल 1793 मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात डॉक्टर म्हणून आला, तेव्हा तिथला मनोरुग्णांचा वॉर्ड सांभाळत होता झाँ-बातिस्त प्युसाँ. हा गडी डॉक्टर नव्हताच, मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळांचा आजार झाला म्हणून बिसेत्रमध्ये दाखल झाला, बरा झाला आणि तिथेच नोकरीला राहिला. रुग्णांवर हात उगारायचा नाही, अशी त्याची नोकरांना सक्त ताकीद. मदतनीसही तो शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच निवडायचा. ज्यानं स्वतः भोगलंय, तो दुसऱ्याला मारणार नाही, हा साधा हिशोब.

बिसेत्रमधल्या साखळ्या काढल्या त्या प्युसाँनेच, 1797 मध्ये. पिनेल तोवर सालपेत्रियेर या बायकांच्या रुग्णालयात गेला होता. पुढे त्याने प्युसाँला तिथे बोलावून घेतलं आणि तिथल्याही साखळ्या गेल्या. अर्थात लगेच सगळे मोकळे फिरू लागले असं नाही. आवरत नसलेल्यांना लांब बाह्यांचा, हात बांधून ठेवणारा कापडी अंगरखा घालत. साखळीपेक्षा बरा, एवढंच.

मग नाव पिनेलचंच का? त्याने स्वतः आपल्या ग्रंथात प्युसाँचं मोकळेपणाने कौतुक केलंय, त्यामुळे श्रेय लाटल्याचा आरोप त्याच्यावर करू नये. पण 1876 च्या सुमारास तोनी रोबेर-फ्लरीने काढलेलं चित्र बघा: मधोमध रुबाबात उभा पिनेल, शेजारी एका तरुणीच्या अंगावरचे साखळदंड उतरवले जाताहेत. लोकांच्या डोक्यात तेच बसलं.