ड्रॉइंगमध्ये माणसं नसतात

प्रश्न : मी ६३ वर्षांचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. गेल्या आषाढात आमची ही गेली. मला अजून रडू आलेलं नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मुलगी घणसोलीला असते, तिने माझं नाव परस्पर आर्ट थेरपीला घातलंय. कट्ट्यावर एकजण म्हणाला, ‘ठाण्यात राहून ठाण्याला जायची वेळ आली की काय?’ जन्मभर रेघाच मारल्या, आता रंग फासून काय होणार? शिवाय तिथली बाई म्हणे चित्र बघून मनातलं ओळखते. ते मला नको.
– एक वाचक, कळवा

उत्तर : शेवटचं आधी घेते. ती बाई काही ओळखणार नाही. मीही त्याच धंद्यातली, नौपाड्यात सोळा वर्षं हेच करते. काळा रंग वापरला म्हणजे निराशा, झाडाला मुळं नाहीत म्हणजे असुरक्षितता, असलं भविष्य सांगणारं कोणी भेटलं तर चपला घालून निघा. आम्ही फक्त विचारतो, ‘हे इथे काय आहे?’ सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर कागद गुंडाळून घरी न्या. मुलीला मात्र त्या बाईंचं समुपदेशनाचं शिक्षण विचारायला सांगा. मंडला, म्हणजे गोलातली नक्षी, रंगवायचे वर्ग हा छान विरंगुळा आहे, थेरपी नव्हे.

कट्ट्यावरच्या मित्राचं मनावर घेऊ नका. ठाण्याचं ते मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आणि तिथून माणसं बरी होऊन घरीही जातात.

एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार १९३८मध्ये क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता. पलंगावरच चित्रं काढता काढता त्याला उभारी आली, मग त्याने बाकीच्या रुग्णांनाही कामाला लावलं. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याचाच, १९४२चा. तेव्हा हात बसलेल्या माणसाचं इथे काय काम, असं म्हणू नका. हात बसलेला नसला तरी अडत नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद दिले आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. २०१६चा हा अभ्यास. साधारण चारातल्या तिघांचं उतरलं, सराव असो वा नसो. काहींचं चढलंही. प्रयोग छोटा आहे, त्याचा डांगोरा मी पिटणार नाही.

आमच्याकडे साधनांचा एक हिशेब असतो. पेन्सिल ऐकते. ओल्या कागदावरचा जलरंग ऐकत नाही. हातातला ताबा जितका सुटतो, तितकं आतलं भराभर वर येतं. मी नवखी असताना तुमच्यासारख्याच एका शिस्तीच्या गृहस्थांना पहिल्या दिवशी ओला कागद दिला. त्यांनी निळा थेंब टेकवला, तो पसरत पार कडेला गेला. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि टिपायला लागले. कागदाला भोक पडेपर्यंत टिपत राहिले. पुन्हा आले नाहीत. चूक माझी होती.

म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी सरळ पेन्सिल मागा. रडू येत नाही याची काळजी करू नका, त्याला मुदत नसते. पहाटेच्या जागेचं मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या कानावर घाला, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर आजच्या आज. गोळ्या आणि चित्रं एकमेकांच्या आड येत नाहीत. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

आणि जायच्या आधी घरी एक काम करा. तुमच्या स्वयंपाकघराचा प्लॅन काढा, एकास वीस. मापं टेपने घ्या, म्हणजे ओट्यापाशी उभं राहावं लागेल. सिंक, गॅस, मिसळणाचा डबा हाताला लागेल अशी ठेवलेली ती फळी, सगळं दाखवा. झालं की तोच प्लॅन दुसऱ्या कागदावर पट्टी न घेता काढा. रेघ थरथरेल, थरथरू दे. वहिनी कुठे उभ्या राहायच्या ते दाखवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. ड्रॉइंगमध्ये माणसं दाखवत नाहीत, ठाऊक आहे मला.