केमोच्या गोळ्यांनी आईचे हात-तोंड काळे पडलेत, ती घराबाहेरच पडत नाही. तिला कसं समजावू?

समजावू नका, हेच आधी सांगते. माझ्या वेळी सगळेच समजावत होते. "रंगाचं काय एवढं, जीव वाचला ना!" हे ऐकलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

मी खानदेशातल्या पारोळ्याकडची. आतड्याच्या ऑपरेशननंतर मला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. १४ दिवस घ्यायच्या, ७ दिवस सुट्टी. दुसऱ्या फेरीत तळहात लाल झाले, मग रेषा आणि पेरं शाईत बुडवल्यासारखी काळी पडली. मागोमाग कपाळ आणि गालही. मी मूळची सावळीच, पण हा रंग तव्याच्या बुडाचा होता. भाकरीसाठी कळण्याचं पीठ गरम पाण्यात मळायला घेतलं आणि पहिल्याच उंड्याला हात असा चरचरला, की परात तशीच सोडून उठले. सासूबाई काही न बोलता येऊन बसल्या आणि उरलेल्या भाकरी थापल्या.

या गोळीनं केस फारसे जात नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळेच लोकांना केमो सुचत नाही. वेणी जागेवर आणि हात काळे, म्हणजे काहीतरी लागणारं असणार! अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. "तूच लावी ले ना माय." बाकी सगळ्यांना त्यांनी स्वतः लावलं होतं. माझी मावशी तिथंच होती. ती मोठ्यानं म्हणाली, "औषधना रंग शे हाऊ, लागत नही कोनले," आणि माझं बोट धरून स्वतःच्या कपाळाला कुंकू लावून घेतलं. काकू ओशाळल्या. मी झोक्यावर मात्र बसले नाही. दोर धरवत नव्हता.

ते वाक्य मी पाठ करून ठेवलं. कोणी विचारायच्या आतच म्हणून टाकायचं. आईलाही असं एक वाक्य द्या, आणि चारचौघांत पहिल्यांदा तुम्ही म्हणा. तिला एकटीला म्हणायला लावू नका.

रेशनच्या दुकानात वेगळीच फजिती. अंगठा उमटेना, मागची रांग ओरडायला लागली. घरी आल्यावर कळलं की या गोळीनं बोटांचे ठसे पुसट होतात. २००८ मध्ये सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणानं चार तास अडकवून ठेवलं होतं! पुढच्या वर्षी त्याच्या डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हा डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेऊन ठेवा. डोळ्याच्या स्कॅनची किंवा ओटीपीची सोय आहे का, तेही दुकानदाराला विचारा. पेन्शनचा हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही निघतो.

हातांसाठी: गरम पाणी, घासून भांडी, घट्ट चप्पल बंद. युरियाची क्रीम डॉक्टर देतात. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये आला. रोज १ टक्का डायक्लोफेनॅक जेल (अंगदुखीवर लावतात ते) लावणाऱ्यांत हातापायांचा मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्के जणांना झाला, साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. जेल सुरुवातीपासून लावायचं असतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. गोरं करणाऱ्या क्रीम मात्र घरात आणूच नका. माझ्या नणंदेनं प्रेमानं आणली होती, गाल नुसता पेटला.

गोळ्या थांबल्यावर रंग उतरतो, पण महिने लागतात. माझं कपाळ आधी उजळलं, पेरं सगळ्यात शेवटी.

आईच्या गोळीचं नाव कळवा. आणि तळव्यांना भेगा किंवा फोड असतील, चालताना दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आजच दवाखान्यात फोन करा. माझा डोस त्यावरूनच कमी केला होता.