पहिलं लाइफजॅकेट घेताना

समुद्रात कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घालायचं ठरवलंत, छान केलंत. रंग, खिसे, कंपनी यांचा विचार नंतर. आधी माप.

प्रौढांचं जॅकेट छातीच्या घेरावरून घ्यायचं. घालून चेन लावा, मग पट्टे कमरेपासून वर आवळत या, खांद्याचे सर्वांत शेवटी. आता कुणाला तरी मागून जॅकेटचे दोन्ही खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीला, कानाला लागलं तर ते सैल आहे. मग दुकानात बसून वल्हं मारल्यासारखे हात फिरवा. काखेत घासायला नको. "थोडं मोठं असू दे, श्वास घ्यायला बरं" ही नवख्यांची नेहमीची चूक. पाण्यात पडल्यावर तेच जॅकेट तोंडावर येतं आणि माणूस घाबरतो. म्हणून घेतल्यावर पहिल्याच दिवशी छातीभर पाण्यात जाऊन तरंगून बघा.

फोमचं, ५० न्यूटनचं घ्या (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगवण्याच्या ताकदीचं माप). पोहता येणाऱ्याला, सोबत माणसं असताना ते पुरतं. पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. म्हणून सुरुवातीला एकटं जाऊ नका.

आणखी चुका:
- जॅकेट कयाकवर मागे बांधून ठेवणं. उलटल्यावर ते घालणं फार कठीण.
- "खाडीच तर आहे" म्हणणं. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीची ओढ बाहेर समुद्रात नेते.
- शिटी न बांधणं.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. बाकी पुढे बोलूच.