पिळल्याशिवाय दुसरं पाणी नाही

मागच्या अंकात टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनबद्दल लिहिताना ‘फ्रंट लोडमध्ये (समोर काचेचं दार असलेल्या मशीनमध्ये) कपडे नीट खळबळले जात नाहीत, त्यावर पुढे कधीतरी’ असं एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी मिक्सर-गिझरवाल्यांना थांबवून ठेवलंय. पुण्यात सव्वीस वर्षं मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. पत्रं निवडताना लक्षात आलं, दहातल्या आठ जणांना एकच हवंय : मशीनने जास्त पाणी घ्यावं. माझं म्हणणं वेगळं आहे.

प्रश्न : आम्ही वाघोलीला राहतो. सात किलोचं फ्रंट लोड आहे, दोन वर्षं झाली. काळ्या कुर्त्यांवर, त्यातही शिवणींत, पांढरे ओघळ राहतात. धुतलेला टॉवेल बादलीत बुडवून पिळला की फेस येतो. पावडर हाताने धुवायचीच वापरते, दोन मापं, कारण तिला फेस चांगला येतो. कंपनीचा माणूस आला, रिकामं मशीन फिरवून बघितलं, ‘मशीन ओके आहे, लिक्विड वापरा’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. सासूबाई म्हणतात, हे धुणं नव्हे, साबणात भिजवून वाळवणं आहे. आता मशीनमधून काढलेले कपडे मी पुन्हा दोन पाण्यांतून काढते. हे विकून टॉप लोड घ्यावं का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, तरी मशीन विकू नका.

तुमच्याच बाजूला, टँकरवर चालणाऱ्या एका सोसायटीतून गेल्या उन्हाळ्यात अगदी हीच तक्रार आली होती. मी स्टूल मागून घेतलं आणि मशीनसमोर बसून पूर्ण प्रोग्राम बघितला. नुसता बसलेला मेकॅनिक बघून त्या काकूंनी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा विचारलं, ‘काही करणार आहात ना?’ पण रिकामं मशीन फिरवून हा दोष सापडत नाही. तो कपडे आणि साबण आत असतानाच दिसतो.

धुणं संपलं, पंपाने पाणी बाहेर टाकलं. आता ड्रमने वेग घ्यायचा होता. घेतला, तसा काचेवर आतून फेस चढला आणि ड्रम मंदावून थांबला. दोन-चार उलटसुलट फेरे, पुन्हा वेग, पुन्हा फेस, पुन्हा थांबला. चौथ्या वेळी मशीनने नाद सोडला आणि त्या थबथबलेल्या कपड्यांवरच पुढचं पाणी घ्यायला सुरुवात केली. मी काकूंना म्हटलं, ‘बघा, पिळलंच नाही.’

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाणी आडातून शेंदायचं, त्यामुळे धुण्याला मोजून बादल्या. साबणाचा कपडा मी तसाच दुसऱ्या बादलीत टाकला की आई हातावर फटका द्यायची : ‘पिळल्याशिवाय दुसरं पाणी नाही!’ तिला कुणी गणित शिकवलं नव्हतं, पण गणित पक्कं होतं. ढोबळ आकडे घेऊ. सहा किलो कपडे न पिळता ठेवले तर त्यांच्यात सहज बारा लिटर साबणाचं पाणी अडकून राहतं. त्यात बारा लिटर ताजं पाणी घेतलं तर साबण निम्मा होतो. तीन वेळा तसंच केलं तर निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा, म्हणजे आठवा हिस्सा साबण कपड्यातच. आता दर वेळी आधी नीट पिळा. कपड्यांत चारेक लिटर उरतं. त्यात तेच बारा लिटर घातलं तर साबण एक चतुर्थांश. तीन वेळा केलं की चौसष्टावा हिस्सा. पाणी दोन्हीकडे छत्तीस लिटरच. न पिळता चौसष्टाव्या हिश्शापर्यंत जायचं तर सहा पाणी घ्यावी लागतील, बहात्तर लिटर. तुमच्याकडे टँकरचा भाव काय आहे ते मी सांगायला नको.

पिळणं चुकतं ते फेसामुळे. आतला भोकांचा ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यात बोटभर फट असते. तिथे फेस भरला की ड्रमला ब्रेक लागल्यासारखं होतं. मोटरवर ताण येतो, मशीनला ते कळतं आणि ते वेग कमी करतं. पंपालाही फेस ढकलता येत नाही, त्याला पाणी लागतं. हाताने धुवायच्या पावडरीत फेस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, कारण बादलीत फेस दिसला नाही तर आपल्याला पावडर हलकी वाटते. फ्रंट लोडमध्ये कपडा वरून खाली आपटला तर धुतला जातो. फेसाच्या गादीवर पडला तर आपटतच नाही, म्हणजे धुणंही कमी आणि खळबळणंही कमी.

पांढऱ्या ओघळांचं कारण वेगळं आहे, ते यात मिसळू नका. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, जड. पावडरीतला धुण्याचा सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम भेटले की खडू तयार होतो, तो काळ्या कापडावर दिसतो. ओघळावर, शिवणीच्या आतल्या बाजूला, लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे येऊन डाग गेला तर खडू. ओल्या बोटाने चोळून बुळबुळीत लागलं तर न विरघळलेली पावडर. (टीडीएस मीटर घेऊन फिरू नका, तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. अर्धी बाटली पाण्यात अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवा. फेस न येता पाणी दुधाळ झालं तर जड.) माझ्या बहिणीकडे मुलुंडला तीच पावडर, तेच मशीन, आणि एकही ओघळ नाही. तिला तानसा-भातसाच्या तलावांचं मऊ पाणी येतं.

तेव्हा आधी पावडर बदला. फ्रंट लोडची, नाहीतर लिक्विड. कंपनीच्या माणसाचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त कारण सांगायचा त्याला कंटाळा आला. माप डब्यावरचं घ्या. जड पाण्याला डिटर्जंट थोडं जास्तच लागतं, पण ते कमी फेसाचं हवं. मग एकदा कपडे न घालता, डिटर्जंटही न घालता, गरम पाण्याचा प्रोग्राम लावा. काचेवर फेस दिसला तर तो जुन्या पावडरीचा साठा आहे. फेस जाईपर्यंत पुन्हा लावा. त्या काकूंकडे तीनदा लावावा लागला. खडूसाठी नंतर कधीतरी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व शंभर ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून गरम पाण्यावर फिरवा. त्याच्या जोडीला ब्लीच अजिबात नको, विषारी वायू होतो.

ड्रम ठासून भरू नका. कपडे घातल्यावर वर उभा पंजा आत गेला पाहिजे. आणि एकटी सोलापुरी चादर कधी टाकू नका. ती एका बाजूला गोळा होते, ड्रमचा तोल जातो आणि मशीन पिळणं टाळतं. जोडीला दोन-तीन टॉवेल द्या.

प्रश्न : काचेतून पाणी दिसतच नाही. एवढ्याशा पाण्यात कपडे कसे निघणार? मी खळबळायच्या वेळी पावडरच्या खणातून एक बादली पाणी ओततो. मशीनला काही अपाय? (निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : गुरुजी, अर्धी बादली ओतलीत तर मशीन तेवढं पाणी नळातून कमी घेईल, म्हणजे तुमची कंबर दुखली, बाकी काही नाही. पूर्ण ओतलीत तर काही मशीन पातळी जास्त झाली म्हणून पंप सुरू करतात आणि तुमचं पाणी मोरीत. त्यापेक्षा ‘एक्स्ट्रा रिन्स’चं, म्हणजे एक जास्तीचं खळबळणं देणारं बटण दाबा. ते नसेल तर प्रोग्राम संपल्यावर ‘रिन्स + स्पिन’ एकदा लावा. त्यात मशीन आधी पिळलेल्या कपड्यांवर ताजं पाणी घेतं, हे महत्त्वाचं. पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्राम दोन शर्टांसाठी असतो, त्यात पाच किलो कपडे टाकून मग मला पत्र लिहू नका. तुम्ही तसं करत असाल असं नाही, पण या गठ्ठ्यात निदान चौघं करतात.

पाणी खरोखरच कमी घेतलं जातंय असा एक दोष असतो. टबच्या खालून एक बारीक रबरी नळी पातळी मोजणाऱ्या स्विचकडे जाते. तिच्या तोंडाशी साबणाचा चिखल साचला की मशीनला भरल्याचा भास होतो. पूर्वी नीट धुणारं मशीन हळूहळू कोरडं धुवायला लागलं तर मेकॅनिकला ही नळी फुंकायला सांगा.

आणि साबण शून्य कधीच होत नाही. युरोपियन संघाने २०२१ पासून मशीनच्या खळबळण्याला नियम लावला, तोसुद्धा एक किलो कापडात डिटर्जंटचा मुख्य घटक ५ ग्रॅमपर्यंत राहिला तर चालेल असाच आहे. पिळलेल्या पाण्यात चार बुडबुडे दिसले म्हणून घाबरू नका. फेस यायला साबण अगदी थोडा पुरतो.

प्रश्न : नाशिकला सर्वात वरच्या मजल्यावर राहतो. दीड तासाचा प्रोग्राम तीन तास चालतो आणि खणात ओल्या पावडरीचा गोळा उरतो.

उत्तर : वरच्या मजल्याचं हेच दुखणं. उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला दहा मीटरला एक बार दाब मिळतो. तुमची टाकी नळापासून तीन मीटर वर असली तर ०.३ बार, आणि बऱ्याच मशीनची गरज तिथूनच सुरू होते. पाणी पातळीपर्यंत भरतं, पण बारीक धारेने. ती धार पावडर वाहून नेत नाही. मग उरलेला गोळा खळबळायच्या पाण्याबरोबर आत जातो, म्हणजे शेवटच्या पाण्यात नवा साबण. आधी नळ बंद करून मशीनच्या पाठीमागचा इनलेट पाइप सोडवा. आत नखाएवढी जाळी आहे, ती पक्कडीने ओढून जुन्या टूथब्रशने घासा. तुमच्या जाळीत वाळू निघाली नाही तर मला कळवा, आश्चर्य वाटेल. तरी मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी येत नसेल तर छोटा प्रेशर पंप बसवा. तोवर लिक्विड.

प्रश्न : रत्नागिरीच्या घरी मशीन सतत पाणी घेत राहतं, कपडे मात्र साबणाचे. ड्रेन पाइप मोरीत खाली सोडलाय.

उत्तर : तिथेच चूक आहे. पाइपचं तोंड खाली असलं की पाणी आपोआप ओढलं जातं, टाकीतून नळीने रॉकेल काढायचो तसं. मशीन भरतंय आणि मोरी रिकामं करतेय. कपडे धूत असताना मोरीत पाण्याचा आवाज येतो का ऐका. पाइप जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरवर अडकवा आणि भिंतीतल्या नळकांड्यात कोंबू नका, बाजूने हवा जायला जागा ठेवा. खर्च : एक क्लिप.

प्रश्न : चार महिन्यांच्या नातवाच्या अंगावर पुरळ आलंय. सून म्हणते मशीनच्या साबणामुळे. दुपटी आणि लंगोट हाताने धुवायचे का?

उत्तर : आजी, पुरळ कशाचं हे डॉक्टरांनी सांगायचं, मेकॅनिकने नाही. त्यांना आधी दाखवा. मशीनपुरतं मी सांगू शकतो : बाळाचे कपडे वेगळे लावा, ड्रम अर्धाच भरा, लिक्विड मापातच घ्या, एक्स्ट्रा रिन्स चालू ठेवा आणि स्पिन, म्हणजे पिळायचा वेग, कमी करू नका. कपडे चुरगळतील म्हणून लोक स्पिन ४०० वर ठेवतात. लंगोटाला इस्त्री कोण करतंय? वासाचं सॉफ्टनर मात्र बंद करा. ते धाग्यावर बसायलाच बनवलेलं असतं, कितीही पाण्यांतून काढलं तरी पूर्ण निघत नाही, आणि लंगोट ओल नीट शोषत नाहीत.