तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यांचा प्रकल्प कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की वर्गात वीस मुलं आहेत, गावात दहा-बारा जुने वाडे उरलेत आणि या वर्षात सगळ्यांची नोंद करून जतनाचा अहवाल द्यायचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: एकच वाडा घ्या. दहा वाड्यांचे फोटो जमतील, पण त्यातून कुणी काही शिकणार नाही. एक वाडा नीट मोजला की पुढचे नऊ मुलांना आपोआप दिसू लागतात.

मोजणीपासून सुरुवात करा. प्रत्येक खोलीच्या चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही घ्या. २० बाय १५ फुटांची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण २५ फूट भरतात. चार इंचांचा फरक आला तर खोली तिरकी आहे, आणि जुन्या वाड्यात ती बहुतेक तिरकीच निघते. मुलं ती कागदावर चौकोनी काढून मोकळी होतात, मग शेवटच्या खोलीला जागाच उरत नाही. दुसरी चूक तुकड्यातुकड्याने मापण्याची: कोपरा ते दार, दार ते खिडकी. दर वेळी अर्धा इंच हुकला तरी ओटीपासून माजघरापर्यंत अर्धा फूट जातो. टेपचं शून्य एका कोपऱ्यावर धरून सगळी मापं तिथूनच चढती लिहा. नकाशा १:५० ला, छेद (उभा काप) १:२० ला.

खरा अभ्यास धाब्यावर आहे, तिथे वेळ घालवा. खाली धारण (लाकडी खांब), त्यावर तुळई (मोठं आडवं लाकूड), तुळईवर सागाच्या कड्या (बारीक आडवी लाकडं), फळ्या किंवा किलच (लाकडाच्या चिरफाळ्या), निंबाचा पाला, माती आणि सगळ्यांत वर खारी (खारट चिकणमाती). पावसाआधी खारी टाकतात हे मुलांना माहीत असतं, ती का चालते हे नसतं. खारट जमिनीतल्या चिकणमातीत सोडियम जास्त असतो. पाणी लागलं की तिचे कण सुटे होऊन खालच्या भेगा बुजवतात आणि पाणी अडतं. वर्गात दाखवायचं असेल तर हरभऱ्याएवढा खडा डिस्टिल्ड पाण्यात सोडा, हलवू नका. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर खारी चांगली. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्षारांमुळे ढग येत नाही आणि चांगली माती नापास होते.

याच धाब्याचा नाश होतो तो दरवर्षी वर नवी खारी टाकून जुनी न खरवडल्याने. कोरड्या मातीचं वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरा. दहा बाय आठ फुटांच्या एका खणावर (खांबांमधल्या एका भागावर) फूटभर माती साचली तर ती साडेतीन टनांवर जाते, ओली झाली की चार टनांच्या पुढे. तुळई वाकली म्हणजे लाकूड सडलं असा निष्कर्ष मुलं लगेच काढतात. आधी कडेला छोटा खड्डा करून मातीची जाडी मोजा. लाकूड सडतं ते सहसा भिंतीत गेलेल्या टोकाला, कारण तिथे हवा लागत नाही. तिथे टोचणी घालून बघा.

भिंतींबद्दल एकच बजावतो: भेंड्यांच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा दिलेला असेल तर तो नोंदीत ठळक लिहा. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही. आतली माती मऊ होते, क्षार गिलाव्यामागे फुलतात आणि एक दिवस गिलावा भिंतीचा थर घेऊन खाली येतो. दुरुस्तीसाठी पांढरी माती सुचवताना ती कुठून आणायची तेही लिहा. गावाजवळच्या जुन्या पांढरीच्या (मोडलेल्या वस्तीच्या) टेकाडावरून मुळीच नको. खानदेशातल्या बहाळ आणि प्रकाशे इथल्या अशाच टेकाडांच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. एक वाडा वाचवायला तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव खणणं हा काही सौदा नव्हे.

भेगा असतील तर घाई नको. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे एकदाच मोजलेली भेग काहीच सांगत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना, गिलावा काढून आतल्या पक्क्या भेंड्यात एकेक खिळा ठोका आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने दर महिन्याला अंतर मोजा. वर्षभरात ते मागेपुढे होऊन मूळ आकड्यावर आलं तर ऋतूचा खेळ. दर वर्षी वाढतच गेलं तर पाया हलतोय, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

कागदपत्रांत वाटणीपत्र सगळ्यांत कामाचं. त्यात 'पूर्वेकडील तीन खण' असा उल्लेख आणि चतुःसीमा असते. ती तुमच्या नकाशावर बसवली की चौकातली आडवी भिंत कधी आली ते कळतं. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे विचारणा करा. सन वाचताना जपा: इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, फसली सनात ५९०, सुहूर सनात ५९९ (महिन्यानुसार एखादं वर्ष इकडेतिकडे). फसलीला सुहूर समजलं की वाडा नऊ वर्षांनी धाकटा होतो. सरकारी दप्तर शोधताना १९०६ लक्षात ठेवा. त्याआधीचं सगळं एका खानदेश जिल्ह्याखाली, नंतरचं पूर्व आणि पश्चिम खानदेशात विभागलेलं.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या मिस्तरीला आणि घरातल्या आजीला वाड्यातून फिरवा. प्रत्येक भागावर बोट ठेवून 'येले काय म्हनतस?' एवढंच विचारा आणि उत्तर रेकॉर्ड करा. पुस्तकातला शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. नकाशावर तोच अहिराणी शब्द लिहा, प्रमाण मराठी शब्द खाली बारीक अक्षरात. आणि नकाशाची एक प्रत घरमालकाला द्या, भाऊहिस्से झाले असतील तर प्रत्येक भावाला एकेक.